नॅशनल गार्ड म्हणजे ‘अमेरिकेतली एसआरपी’ नव्हे

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची फौज असते, तिचं नाव नॅशनल गार्ड. आपल्या एसआरपीसारखीच. तिचा मालक त्या राज्याचा राज्यपाल, राष्ट्राध्यक्षाला तिला हात लावता येत नाही. हे शनिवार-रविवारचे शिपाई, युद्ध त्यांना माहीत नाही. 2025 मध्ये गव्हर्नरला न विचारता लॉस एंजेलिसमध्ये गार्ड उतरवलं, तसं इतिहासात पहिल्यांदाच घडलं.’ खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी काही वर्षं ओहायोत नोकरी केली आहे, त्यामुळे हात शिवशिवले.

आधी एसआरपी. राज्य राखीव पोलीस बल हे पोलीसच. ते गृहखात्याखाली येतं, त्याचा कायदा 1951 चा आणि तिथला जवान पूर्णवेळ नोकरीत. दंगल, निवडणूक, गणपतीचा बंदोबस्त, काहीही असो, तो पोलीस म्हणूनच उभा असतो. उद्या युद्ध पेटलं तरी तो आपोआप लष्करात जात नाही. आपल्या राज्यघटनेत संरक्षण हा केंद्राचा विषय, राज्याला फौज ठेवताच येत नाही. गार्डचा माणूस मात्र सैनिक असतो. रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं हे सगळं गार्डकडे आहे. आपली टेरिटोरियल आर्मी त्यातल्या त्यात जवळची वाटते, पण ती पूर्णपणे केंद्राची. गार्डला आपल्याकडे जोडीदार नाही, तो शोधायला गेलं की गोंधळ होतो. त्यात ‘राज्यपाल’ या शब्दाची भर. तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. राजभवनातला नव्हे.

आता मुख्य मुद्दा, मालक कोण. गार्डमध्ये भरती होणारा माणूस देशाच्या आणि राज्याच्या, अशा दोन्ही घटनांची शपथ घेतो. राष्ट्राध्यक्षाचे हुकूम पाळीन असं म्हणतो आणि गव्हर्नरचेही. 1933 पासून तो एकाच वेळी दोन पटांवर असतो, राज्याच्या गार्डच्या आणि देशाच्या राखीव सैन्याच्या. महापुरात गव्हर्नर बोलावतो तेव्हा हुकूमही राज्याचा आणि पगारही राज्याचा. दुसऱ्या प्रकारात हुकूम गव्हर्नरचा, पैसा वॉशिंग्टनचा. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानतळांवर उभे राहिलेले जवान असे होते. तिसऱ्या प्रकारात राष्ट्राध्यक्ष गार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो, आणि मग गव्हर्नर बाजूला.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते आर्कान्सामधल्या लिटल रॉकला दिसलं. सप्टेंबर 1957. गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलामुलींना प्रवेश मिळाला होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसनं त्यांना अडवायला गार्ड लावलं. 4 तारखेला एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी एकटीच शाळेकडे चालत आली. मागे शिव्या देणारा जमाव, पुढे गार्डच्या जवानांची रांग. रांगेनं तिला आत जाऊ दिलं नाही. न्यायालयानं झापल्यावर फॉबसनं गार्ड मागे घेतलं, जमाव आणखी चेकाळला. 24 तारखेला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनी लष्कराची 101 वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि त्याच हुकमात आर्कान्साचं सगळं गार्ड, सुमारे दहा हजार माणसं, आपल्या ताब्यात घेतलं. नोव्हेंबरअखेर एअरबोर्नवाले परतले. त्यानंतर शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी त्याच गार्डवर होती. माणसं तीच, गणवेश तोच, हुकूम बरोबर उलटा. एसआरपीत असं होऊ शकेल का?

गव्हर्नरांनीही भांडून पाहिलंय. 1980 च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या सरावाला आमचे जवान पाठवणार नाही असं काही राज्यं म्हणू लागली. तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, कायदा करून तो नकार जवळजवळ काढूनच घेतला. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी परपिच कोर्टात गेले. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. ‘हात लावता येत नाही’ याचं एवढं उत्तर पुरे.

‘पहिल्यांदाच’ हेही चूक. 1965 मध्ये काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी अलाबामाचं गार्ड गव्हर्नर जॉर्ज वॉलेसच्या हातातून घेतलं होतं. 2025 चं वेगळेपण इतकंच की त्यानंतरची साठ वर्षं कुठल्या राष्ट्राध्यक्षानं गव्हर्नरची मागणी नसताना असं केलं नव्हतं. ते योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. माझं मत विचाराल तर 2025 ची त्या जुन्या घटनांशी तुलना करणाऱ्यांनी 1957 आणि 1965 मध्ये कोणाच्या हक्कासाठी गार्ड घेतलं होतं ते आधी पाहावं.

राहिले शनिवार-रविवारचे शिपाई. हे अर्धं खरं आहे. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला गार्डमधला एक जण होता. महिन्यातल्या एका शुक्रवारी त्याच्या टेबलाखाली हिरवी डफल बॅग आणि बुटांचा जोड दिसायचा. ‘ड्रिल वीकेंड’ म्हणायचा आणि पाचला निघायचा. उन्हाळ्यात दोन आठवडे सलग. मीही त्याला मनातल्या मनात हौशीच समजत होतो. मग एकदा तो दहा महिने कुवेतला गेला. परत आला तेव्हा तीच खुर्ची, तीच एक्सेल शीट. नोकरी राखून ठेवणं मालकाला कायद्यानं भाग असतं.

दुसऱ्या महायुद्धात, 6 जून 1944 ला, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या लाटेत व्हर्जिनियाच्या गार्डची 116 वी इन्फंट्री ही पायदळाची तुकडी होती. तिच्यात बेडफर्ड नावाच्या लहानशा गावची पोरं होती. त्या एका दिवसात त्या गावानं दीड डझनाहून जास्त मुलं गमावली. युद्ध माहीत नाही म्हणे. उलट, घरच्या मैदानावर गार्डनं गोळ्या झाडल्याचाही इतिहास आहे. 4 मे 1970 ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात तेरा सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या गेल्या, चार विद्यार्थी मेले. त्या दिवशी गार्ड गव्हर्नरच्या हुकमाखाली होतं.

मेसेजमधलं वर्णन थोडंफार जुळतं ते एका वेगळ्याच दलाशी. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांकडे गार्डच्या जोडीला ‘स्टेट गार्ड’ असतं. ते फक्त गव्हर्नरचं, केंद्राला ते दल म्हणून ताब्यात घेता येत नाही. पण ही मंडळी मुख्यतः पूर आणि वादळात मदतीला धावतात. नावात एका शब्दाचा फरक आहे, ग्रुपवर पुढे ढकलताना तोच गळाला असावा.