लिंकन यांच्या नावावर खपवलेली अपयशे

परीक्षांचे निकाल लागले की अब्राहम लिंकन यांच्या अपयशांची यादी हमखास फिरू लागते: १८३१ मध्ये धंदा बुडाला, १८३२ मध्ये निवडणूक हरले, १८३३ मध्ये पुन्हा धंदा बुडाला, १८३५ मध्ये प्रेयसी वारली, १८३६ मध्ये मानसिक आजाराने अंथरूण धरले, १८४३ आणि १८४८ मध्ये काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) निवडणूक हरले, १८५५ आणि १८५८ मध्ये सिनेटची, १८५६ मध्ये उपाध्यक्षपदाची, आणि १८६० मध्ये एकदम राष्ट्राध्यक्ष झाले. यातल्या काही नोंदी खऱ्या आहेत, काही चुकीच्या, आणि एक तर दुसऱ्याच माणसाच्या पराभवाची आहे.

१८३१ मध्ये लिंकन यांचा स्वतःचा धंदाच नव्हता. इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात ते दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होते. १८३२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत ते तेरा उमेदवारांत आठवे आले हे खरे, पण त्यांच्या गावच्या मतदान केंद्रावरील ३०० पैकी २७७ मते त्यांनाच पडली होती. त्यानंतरचे, विल्यम बेरी यांच्या भागीदारीतले दुकान मात्र खरोखरच बुडाले. त्या कर्जापायी लिंकन यांचा घोडा, खोगीर आणि जमीनमोजणीची साधने लिलावात निघाली, आणि जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्यांना परत केली. पुढे १८३५ मध्ये बेरी वारल्यावर उरलेले देणेही लिंकन यांच्याच अंगावर पडले. त्याला ते गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत, आणि ते फेडण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. करुण प्रसंगच हवा होता तर तो इथे होता, पण यादीकर्त्याने तो तीन शब्दांत उरकला आहे.

सर्वांत ढिसाळ नोंद १८३६ ची आहे. यादीतली ती प्रेयसी, ॲन रटलेज, ऑगस्ट १८३५ मध्ये वारली. तिच्याशी लिंकन यांचे नाते नेमके किती जवळचे होते यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. अंथरुणाला खिळल्याचे सांगितले जाते त्या १८३६ मध्ये मात्र लिंकन यांनी पीटर्सबर्ग या नव्या गावाची मोजणी केली, विधिमंडळाची निवडणूक दुसऱ्यांदा जिंकली आणि वकिलीची सनद मिळवली. त्यांच्या तीव्र नैराश्याचा पक्का पुरावा जानेवारी १८४१ चा आहे: मेरी टॉड यांच्याशी ठरलेले लग्न मोडल्यावर, आपण जिवंत माणसांत सर्वांत दुःखी आहोत, असे त्यांनी आपले वकिलीतले भागीदार जॉन स्टुअर्ट यांना पत्रातून कळवले होते.

१८४३ मध्ये त्यांना काँग्रेससाठी आपल्या तेव्हाच्या व्हिग पक्षाची उमेदवारीच मिळाली नाही, त्यामुळे निवडणूक हरण्याचा प्रश्न येत नाही. १८४८ मध्ये तर ते उभेच नव्हते, कारण ती जागा पक्षातल्या नेत्यांनी पाळीपाळीने लढवायची असे ठरलेले होते. हरले ते त्यांचे जुने भागीदार स्टीफन लोगन.

१८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात लिंकन हजरही नव्हते, तरी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांना ११० मते पडली. सिनेटचे दोन्ही पराभव खरे आहेत. पण त्या काळी सिनेटर राज्याचे विधिमंडळ निवडत असे, आणि १८५५ मध्ये पहिल्या फेरीत आघाडीवर असूनही, गुलामगिरीच्या विस्ताराचा विरोधक निवडून यावा म्हणून लिंकन यांनी आपली मते लायमन ट्रंबुल यांच्याकडे वळवली.

१८३४ पासून लागोपाठ चार वेळा ते विधिमंडळावर निवडून आले, याची यादीच्या काही प्रतींतच जेमतेम एक नोंद सापडते. वकिलीचा तर उल्लेखच नाही. १८५७ मध्ये याच ‘अपयशी’ वकिलाने इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीवर दावा लावून आपली ५,००० डॉलरची फी वसूल केली होती.