कुंभारीची बस कुणाची?

माझी मावशी सोलापूरजवळ कुंभारीला राहते, गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुलात. १० हजार घरांची ही वसाहत. २००६ साली तिथल्या चाव्या मिळाल्या. मावशी अजून विड्या वळते, मावसबहीण पूर्वभागातल्या एका गारमेंटमध्ये शिवणकाम करते. गेल्या दिवाळीत सोलापूरला आलो तेव्हा एकदा सकाळी सातला मावसबहिणीसोबत निघालो. बसची वाट पाहून शेवटी शेअर रिक्षा केली. मागे आम्ही चौघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. बहीण पुढच्या कडेला टेकलेली, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात डबा. अक्कलकोट रस्त्यावरचे ट्रक तिच्या गुडघ्याला घासून जातील असं वाटत होतं. ती रोज अशीच जाते.

हे शाळेच्या ग्रुपवर सांगितलं तर वाद पेटला. एक मित्र म्हणाला, कुंभारी महापालिकेच्या हद्दीत नाही, मग शहराच्या करदात्यांनी तिथल्या बसचा तोटा का सोसायचा? दुसरा म्हणाला, केंद्राच्या पीएम ई-बस योजनेत सोलापूरचं नाव आहे, नव्या बस येऊ देत, सगळं सुरळीत होईल. पहिल्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. दुसऱ्याचा भरवसा नाही वाटत. बस विकत घेणं सोपं असतं. दहा वर्षं रोज सकाळी ती डेपोतून बाहेर काढणं अवघड असतं.

मी राहतो अमेरिकेत पोर्टलंडजवळ, बीव्हर्टनला. इथे तीन काउंट्यांतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २४ शहरं मिळून एक निवडून दिलेलं प्रादेशिक सरकार आहे. त्याचं नावच मेट्रो, रेल्वेशी गल्लत नको. शहर कुठे वाढू द्यायचं, प्रवासाचे मोठे मार्ग कुठून न्यायचे, मोकळ्या जागा कुठे राखायच्या, हे ते ठरवतं. बस आणि रेल्वे चालवते ट्रायमेट ही वेगळी संस्था. १९६९ साली खाजगी बस कंपनी डबघाईला आली तेव्हा ती स्थापन झाली, आणि तिच्या रोजच्या खर्चासाठी मालकांवर कर बसला: आता तो कामगारांच्या एकूण पगाराच्या जवळपास ०.८ टक्के आहे. कामगार बसने कामावर येतो, त्याचा फायदा मालकालाही होतो, म्हणून मालकाने वाटा द्यायचा.

बागांचंही तसंच. २०१९ मध्ये मेट्रोने जंगलं, नदीकाठ आणि उद्यानांसाठी ४७.५ कोटी डॉलरचे रोखे मतदानाला ठेवले, लोकांनी मंजूर केले. पण त्या पैशातून जमीन घेता येते, बांधकाम होतं. गवत कापायचे, पायवाट दुरुस्त करायचे पैसे त्यात नाहीत. त्यासाठी २०१३ पासून वेगळा कर आहे, घराच्या करनिर्धारित किमतीत दर हजार डॉलरला ९.६ सेंट. मुदत संपत आली की पुन्हा लोकांपुढे यावं लागतं. सोलापुरात आईच्या घरामागे एक बाग आहे. उद्घाटन थाटात झालं होतं. आता घसरगुंडीचा पत्रा फाटलाय आणि नळाला पाणी नाही. बाग करायला पैसे होते, माळ्याच्या पगाराची तरतूद कुणी विचारलीच नव्हती.

इथेही सगळं जमतंच असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नवी रेल्वे, बस आणि रस्त्यांसाठीचा मोठा कर लोकांनी फेटाळला, आणि टायगार्ड या उपनगराकडे जाणारा रेल्वेमार्ग अडला. ट्रायमेटलाही आता पैसे पुरत नाहीत, फेऱ्या कमी करणं चाललंय. तरी काय मागितलं, किती मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, हे प्रत्येकाला कळतं. टपालाने घरी येणाऱ्या मतपत्रिकेवर आणि मतदारांच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. मला इथे मत नाही, पण शेजारच्या आजींची माहितीपुस्तिका मी दरवेळी मागून वाचतो.

सोलापुरात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकानेच कारभार पाहिला. त्याच काळात, जानेवारी २०२४ मध्ये, कुंभारीतच रायनगर या नव्या वसाहतीतल्या ३० हजारांपैकी १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. विडी, यंत्रमाग, कचरावेचक कामगारांची घरं. एवढी माणसं शहरातच राबणार, पण घर ग्रामपंचायतीत, बस महापालिकेची, एसटी राज्याची. तिघांनी एका टेबलाशी बसून मार्ग आणि तोटा वाटून घ्यायला हवा. ही माझी पहिली मागणी आहे, आणि उड्डाणपुलांच्या आधीची आहे. वसाहतीतल्या मोकळ्या जागाही त्याच टेबलावर याव्यात, नाहीतर पाच वर्षांत तिथे मैदान शोधून सापडणार नाही.

आईच्या घराची घरपट्टी मी इथून भरतो. त्या बिलात बससाठी वेगळी रक्कम आली तर खुशीने भरेन. अट एकच, ती बस सकाळी सातच्या आधी कुंभारीतून सुटली पाहिजे.