‘एक पाहिली की सगळ्या पाहिल्या’ हे खरं नाही

गेले काही आठवडे गाणं-बजावणंवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. विषय ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांतून आलेलं गाणं. थोडक्यात असा: ‘टीव्हीवरच्या ब्लूज डॉक्युमेंटऱ्यांवर वेळ घालवू नका. एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. प्रत्येकीत तीच सैतानाची गोष्ट, बोलायला गोरे रॉकस्टार, आणि गाणं सुरू झालं की वीस सेकंदांत निवेदक तोंड उघडतो. तसाही खरा ब्लूज कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही. रेकॉर्ड लावा आणि डोळे मिटा.’

मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘अगदी मनातलं’ असं वर लिहून. मी स्वतः वर्षानुवर्षं या फिल्म्स शोधून शोधून पाहिल्या आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही. मजकुरात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो पसरतोय. पण त्यावर विसंबून कुणी या फिल्म्स पाहायच्या सोडल्या, तर फार मोठ्या गोष्टीला मुकेल.

आधी सैतान. रॉबर्ट जॉन्सन हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा गायक-गिटारवादक ऑगस्ट 1938 मध्ये ग्रीनवुडजवळ वारला, वयाच्या 27व्या वर्षी. मागे राहिली 29 गाणी, 1936 मध्ये सॅन अँटोनियोत आणि 1937 मध्ये डॅलसमध्ये रेकॉर्ड केलेली. त्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात हातात जादू आली, ही कथा टीव्हीने चघळून चोथा केली आहे, ते कबूल. नेटफ्लिक्सवर 2019 मध्ये आलेल्या फिल्मच्या तर नावातच सैतान आणि चौरस्ता दोन्ही आहेत. वाईट याचं वाटतं की ही कथा मुळात रॉबर्टची नव्हेच. टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याचा भाऊ लेडेल ती सांगायचा. आडनाव एक निघालं आणि कथा रॉबर्टला जाऊन चिकटली. ‘क्रॉस रोड ब्लूज’ नीट ऐका. त्यातला माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकतो ते देवापुढे, दया कर म्हणत. गाड्यांना हात दाखवतो, कुणी थांबत नाही, सूर्य बुडत चाललाय. त्या काळच्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर एकट्या काळ्या माणसाने रस्त्यावर सापडणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला या गाण्यात सैतान शोधावा लागत नाही.

मात्र ‘प्रत्येकीत’ हा शब्द चूक आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी एक फिल्म झाली, ‘द सर्च फॉर रॉबर्ट जॉन्सन’. तिच्यात गिटारवादक जॉन हॅमंड मिसिसिपीत हिंडतो आणि रॉबर्टला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांना गाठतो. जॉनी शाइन्स भेटतात, हनीबॉय एडवर्ड्स भेटतात. दोघेही रॉबर्टबरोबर गावोगाव भटकलेले, बोलतात ते एका सहकाऱ्याबद्दल, भुताबद्दल नव्हे. आणि भेटते विली मे पॉवेल ही म्हातारी बाई, तरुणपणीची त्याची मैत्रीण. ‘लव्ह इन व्हेन’ या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शब्द जवळजवळ विरून जातात, नुसतं कण्हणं उरतं आणि त्यातून एक नाव येतं: विली मे. फिल्ममध्ये तिला ते गाणं ऐकवलं जातं. अर्ध्या शतकापूर्वी मेलेल्या माणसाच्या तोंडून ती स्वतःचं नाव ऐकते. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा थांबवून, मागे नेऊन परत पाहिला. चौरस्त्याची कथा माझ्यापुरती तिथे संपली. समोर उरला एक पंचविशीतला पोरगा, स्टुडिओत गाताना मैत्रिणीचं नाव घेणारा. शाइन्स एप्रिल 1992 मध्ये गेले. हॅमंड आणि तो कॅमेरा आणखी दोन वर्षं उशिरा निघाले असते, तर ही साक्ष मिळालीच नसती.

दुसरा आक्षेप गोऱ्या रॉकस्टारांचा. इथे मजकुराची बाजू जास्त भक्कम आहे. मलाही कंटाळा येतो, जेव्हा ज्याच्यावर फिल्म आहे तो माणूस दोन मिनिटं दिसतो आणि त्याच्यामुळे आपण कसे घडलो हे एखादा लंडनवाला दहा मिनिटं सांगतो. पण हेही बघा. मे 1965 मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘शिंडिग’ या तरुणांच्या कार्यक्रमात ब्लूज गायक हाउलिन वुल्फ गायला, तो रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या आग्रहामुळे. वुल्फ तेव्हा चोपन्न वर्षांचा. हा धिप्पाड माणूस ‘हाउ मेनी मोअर इयर्स’ म्हणतोय आणि ते लोकप्रिय पोरगे त्याच्या पायाशी बसून ऐकताहेत. आज वुल्फवरच्या जवळपास प्रत्येक फिल्मला हा तुकडा लागतो, आणि तो आहे याचं कारण ते पोरगेच आहेत.

शिवाय सगळ्या फिल्म्स तशा नाहीत. मार्टिन स्कॉर्सेसीने उभी केलेली सात फिल्म्सची मालिका 2003 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर, पीबीएसवर, आली. सात दिग्दर्शक, सात फिल्म्स. माइक फिगिसची फिल्म ब्रिटिश ब्लूजवरच आहे, तिच्यात टॉम जोन्स आणि जेफ बेक असणारच. पण त्याच मालिकेत चार्ल्स बर्नेट आहे, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गमध्ये जन्मलेला काळा दिग्दर्शक. त्याच्या फिल्ममध्ये 1950च्या दशकात एक छोटा मुलगा दक्षिणेत नातलगांकडे येतो. घरातले अर्धे चर्चवाले, त्यांच्या लेखी ब्लूज म्हणजे पाप, आणि एक काका त्याला तेच पाप दाखवत फिरवतो. ज्या घरात भजन चालतं पण तमाशाचं नाव काढायचं नाही अशा घरात वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाला ही फिल्म कुणी समजावून सांगावी लागणार नाही. रिचर्ड पिअर्सच्या ‘द रोड टू मेम्फिस’मध्ये बॉबी रश बस घेऊन गावोगाव कार्यक्रम करत फिरतो. रॉस्को गॉर्डन वर्षांनी मेम्फिसला परततो आणि चित्रीकरणानंतर थोड्याच आठवड्यांत, जुलै 2002 मध्ये, जातो. आणि गिटारवादक बडी गायवरची 2021ची पीबीएसची फिल्म तर त्याच्याच तोंडून उलगडते. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2023च्या फेब्रुवारीत ज्यांनी त्याला ऐकलं, त्यांनी ती जरूर पाहावी. लुइझियानातल्या लेट्सवर्थमध्ये लहानपणी डासांच्या जाळीची तार काढून वाद्य करणारा मुलगा आणि आपल्यासमोर उभा असलेला तो म्हातारा, यांच्यामधला रस्ता तिच्यात दिसतो.

‘गाणं पूर्ण ऐकू देत नाहीत.’ बरोबर, आणि राग येतो. पण कारण बहुतेकदा पैशाचं असतं. फिल्ममध्ये एक रेकॉर्ड वाजवायची तर दोन परवानग्या लागतात, एक गाण्याच्या रचनेची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची, आणि दोन्हींचे पैसे वेगळे. सार्वजनिक वाहिनीच्या तुटपुंज्या बजेटमध्ये पूर्ण गाणं परवडत नाही. पूर्ण गाणी हवी असतील तर 1960च्या दशकातलं जर्मन टीव्हीचं चित्रण बघा. होर्स्ट लिपमन आणि फ्रित्झ राव हे जर्मन आयोजक 1962 पासून अमेरिकन कलाकारांना युरोपच्या दौऱ्यावर नेत, आणि बाडेन-बाडेनच्या स्टुडिओत त्यांचं चित्रण होई. मडी वॉटर्स, सनी बॉय विल्यमसन, लॉनी जॉन्सन, व्हिक्टोरिया स्पायव्ही. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, मध्ये कुणी बोलत नाही.

माझी खरी तक्रार निराळीच आहे, आणि मजकुरात ती नाही. या फिल्म्समध्ये बायका कुठे आहेत? काळ्या गायिकेने रेकॉर्ड केलेला पहिला ब्लूज 10 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला: मॅमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’. त्या दशकात हे गाणं विकलं ते मा रेनी आणि बेसी स्मिथसारख्या बायकांनी. पण टीव्हीवर ब्लूजची गोष्ट बहुतेक वेळा मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या धुळीच्या रस्त्यावर सुरू होते, आणि त्या रस्त्यावर गिटार घेतलेला एकटा पुरुषच चालत असतो. दर्जाबद्दल बोलायचं तर हे बोला ना.

इथेही अपवाद आहेच. भक्तिगीतं गाणाऱ्या, गिटार वाजवणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्पवर मिक चाकीने 2011 मध्ये बीबीसीसाठी फिल्म केली. तिचा प्राण आहे एक जुनं चित्रण. मे 1964, मँचेस्टर. ग्रॅनडा टीव्हीने विल्ब्रॅम रोडचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन सजवून अमेरिकन दक्षिणेतल्या स्टेशनासारखं केलं. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलाकार, मध्ये रूळ. जोरदार पाऊस पडून गेलेला. रोझेटा घोडागाडीतून येते, भारी कोट, उंच टाचांचे बूट, गळ्यात पांढरी गिब्सन गिटार. ओला फलाट बघून ती गाणं बदलते आणि ‘डिडन्ट इट रेन’ धरते. एकल वादनाला येते तेव्हा तिचा उजवा हात तारांवर खाली येतो तो जवळजवळ दटावल्यासारखा, आणि चेहरा मात्र हसरा. पन्नाशीला टेकलेली बाई ओल्या फलाटावर तसल्या बुटांत तोल सांभाळत हे वाजवते. ही बाई 1973 मध्ये वारली आणि तिच्या कबरीवर पुढची तीसहून जास्त वर्षं दगड नव्हता. आज जगभरात लोक तिला ओळखतात ते आधी या चित्रणामुळे, रेकॉर्ड त्यांनी मग शोधल्या.

इथून मी मजकुरातल्या सर्वांत चुकीच्या वाक्याकडे येतो. ‘रेकॉर्ड लावा आणि डोळे मिटा.’ जणू रेकॉर्ड म्हणजे अस्सल आणि कॅमेरा म्हणजे भेसळ. अहो, त्या 78च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. सन हाउस या मिसिसिपीच्या गायक-गिटारवादकाला 1930 मध्ये ‘प्रीचिन द ब्लूज’ दोन बाजूंवर तोडून रेकॉर्ड करावं लागलं. नाचाच्या रात्री तेच गाणं नाचणारे थकेपर्यंत चालू शकत होतं. तेव्हा कापाकापी आधी तबकडीने केली.

आणि हात? आपल्याकडे तबला शिकणारा गुरूच्या समोर बसतो तो उगाच नाही. रेव्हरंड गॅरी डेव्हिसची रेकॉर्ड ऐकली की वाटतं दोन गिटारी वाजताहेत. चित्रणात दिसतं की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, एवढी दोनच बोटं सगळं करताहेत. मिसिसिपी जॉन हर्टचा अंगठा खर्जाच्या तारांवर घड्याळासारखा चालतो आणि बाकीची बोटं आपल्या मर्जीने सूर टाकतात. पीट सीगरच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या साध्यासुध्या टीव्ही कार्यक्रमात हर्ट मांडीवर गिटार घेऊन बसलेत, त्यांचा तो हात पाहिल्याशिवाय माझ्या बोटांना ती चाल समजली नव्हती. सन हाउसचं तर विचारूच नका. पोलादी गिटारवर त्याचा हात झापड मारल्यासारखा पडतो, मान मागे जाते, डोळे वर जातात. डोळे मिटून ऐकलंत तर यातलं काय कळेल?

राहिला मुद्दा खरा ब्लूज कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही हा. हो, टीव्ही उशिरा पोचला. रॉबर्ट जॉन्सनचं हलतं चित्र नाही. 1990च्या दशकात एक सापडलं असं वाटलं होतं, पण त्या तुकड्यात मागे एका सिनेमाचं पोस्टर लागलेलं आहे आणि तो सिनेमा 1941चा, रॉबर्टच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी आलेला. त्याच्या आधीच्या चार्ली पॅटनचा तर हलताना एक क्षणही आपल्याकडे नाही. पण याचा अर्थ ‘खरा ब्लूज’ त्यांच्याबरोबर संपला असा होत नाही. लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स 1978 मध्ये मिसिसिपीत व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरला, तेव्हा बांधावर खेचरं हाकलेले म्हातारे जिवंत होते, भिंतीला एकच तार ठोकून वाजवणारे होते, आणि टेकड्यांमधल्या गावांत वेताची बासरी आणि ढोल चालू होते. त्यातून झालेली ‘द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन’ मिसिसिपीच्याच शैक्षणिक वाहिनीने 1979 मध्ये दाखवली.

त्या बासरीवाल्यांपैकी ओथा टर्नर. शेतकरी माणूस. नदीकाठचा वेत तोडायचा, लोखंडी सळई तापवून त्याला भोकं पाडायची, झाली बासरी. त्या सात फिल्म्सपैकी स्कॉर्सेसीच्या स्वतःच्या फिल्ममध्ये ब्लूज गायक कोरी हॅरिस त्यांना भेटायला जातो तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलीय. ती फिल्म सप्टेंबर 2003 मध्ये टीव्हीवर आली. ओथा फेब्रुवारीतच गेले होते, आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी बर्निसही. दोघांची अंत्ययात्रा कोमो गावात एकत्र निघाली. पुढे ढोल होते, आणि बासरी ओथांच्या बारा-तेरा वर्षांच्या नातीच्या, शार्डेच्या, ओठांवर होती. आजोबांची ती फिल्म बघा, तिच्यातही ती नात आहे.