घूंऽऽ की चींऽऽ?

"स्टीअरिंग वळवल्यावर आवाज कसा येतो?" मिस्त्रींनी विचारलं.

चाळिशी उलटलेल्या नोकरदार माणसाने भर रस्त्यावर, गॅरेजच्या पोरांसमोर, तोंडाने "घूंऽऽ" असं करून दाखवणं सोपं नसतं. मी केलं.

"म्हणजे चींऽऽ?"

"नाही हो. घूंऽऽ."

फरक पैशांचा होता. चींऽऽ म्हणजे पट्टा सैल झालाय किंवा घासून गुळगुळीत झालाय. घूंऽऽ म्हणजे पंपाची तक्रार. आणि स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यावर जे सुस्स होतं, तो आजार नव्हेच. पंपातला जादा दाब व्हॉल्व्हमधून सुटतो, इतकंच. आमची गाडी २००४ सालची, पॉवर स्टीअरिंग ऑइलवर चालणारं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, ऑइलचा डबा, दोन-तीन होज म्हणजे रबरी नळ्या आणि खाली चाकं वळवणारा रॅक. एवढ्याच मंडळींपैकी ओरडतंय कोण, हे शोधण्यात पावसाळा सरला.

कारण सकाळी गार इंजिनावर पार्किंगमधून निघताना अख्ख्या सोसायटीला उठवणारी गाडी गॅरेजपर्यंत गरम होऊन मिस्त्रींसमोर मुकी उभी राहायची. मग पुन्हा माझं घूंऽऽ.

निदान करणाऱ्यांची वाण नव्हती. शेजारचे काका बाल्कनीतूनच म्हणाले, "पंप गेला." पंपाची किंमत विचारायला पार्टवाल्याकडे गेलो, तर ती ऐकून माझाच आवाज बदलला. सासऱ्यांनी फोनवर "विकून टाका" सांगितलं. ते कुठल्याही दुखण्यावर हेच सांगतात. बायको म्हणाली, "अहो, गाणी लावा ना मोठ्याने." सगळ्यांत स्वस्त उपाय हाच होता, आणि काही दिवस तो चाललाही.

शेवटी गाडी रात्रभर गॅरेजवरच ठेवली. सकाळी मिस्त्रींनी स्वतः चालू केली, स्टीअरिंग वळवलं, आणि गाडी बोलली! एवढा आनंद मला मुलाच्या पहिल्या शब्दालाही झाला नव्हता. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, बॅटरी मारली. लालभडक ऑइलच्या जागी आत फेसाळलेली सोलकढी.

"हवा खातंय," मिस्त्री म्हणाले.

डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या होजची क्लिप ढिली झाली होती. त्या बाजूला पंप ऑइल ओढत असतो. त्यामुळे फटीतून ऑइल गळण्याऐवजी हवाच आत शिरत होती, आणि गाडीखाली डाग शोधत रोज वाकणाऱ्या मला काही दिसत नव्हतं. पंप ठणठणीत होता. नवी क्लिप चहाच्या पैशांत आली.

हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून मी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मिस्त्रींनी डब्यात बुडबुडे बघायचे आणि वरून ऑइल ओतायचं. "अजून. अजून. सावकाश हो साहेब, फेस होतोय." फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२०च्या दशकात पॉवर स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवलं, १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमधून ते बाजारात आलं. ड्रायव्हरचे दंड दुखू नयेत, हा त्यामागचा उद्देश. माझे दंड दोन दिवस दुखत होते.

आता गाडी गुपचूप वळते. अडचण एवढीच, की आमचा वॉचमन आवाज ऐकून फाटक उघडायचा. आता हॉर्न द्यावा लागतो. आणि हॉर्न फक्त स्टीअरिंग डावीकडे वळवल्यावरच वाजतो.