दूधधंद्यात उतरताय? आधी गाय घ्या, गिऱ्हाईकाचं नंतर बघू

सगळ्यात आधी कर्ज काढून मोठ्या कासेची संकरित गाय घ्या. दूध घेणार कोण हे विचारायचं नाही, असलं काही विचारलं की योजनावाल्या साहेबांचा मूड जातो.

घर डांबरी रस्त्यापासून जितकं आत तितकं बरं. धार काढली की दूध गाईच्या अंगाएवढं गरम असतं, म्हणजे ३८-३९ अंश, आणि दोन-चार तासांत ४ अंशांवर आणलं नाही तर त्यात जंतूंची जत्रा भरते. तुम्ही कॅनला ओलं पोतं गुंडाळा आणि सायकल हाणा, चिखलात चाक रुतलं की उतरून ढकला. केंद्रावरचा माणूस वाटीभर दूध उकळून बघणार, फाटलं की कॅन परत. परतीच्या वाटेवर कॅनचं वजन वाटीभरानंच कमी झालेलं असतं, बरं का.

संध्याकाळच्या दुधाचं तर टेन्शनच नाही, गाडीच येत नाही. लोणी काढा. इथिओपियाच्या डोंगरात बाजारापासून लांबची माणसं तेच करतात, लोणी दम धरतं, दूध धरत नाही. नाहीतर गाईलाच सांगून बघा, संध्याकाळचं देत जाऊ नकोस म्हणून.

भावावरून घासाघीस करू नका. घेणारा एकच, फॅट मोजणारा तोच, मशीनही त्याच्याच टेबलावर. दुधात मुळातच ८७ टक्के पाणी असतं, वरून तुम्ही घातलं नाही हे सिद्ध करायचं काम अर्थातच तुमचं. एकच खरेदीदार मानगुटीवर बसला म्हणून गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं आणि १९४६ ला स्वतःचा संघ काढला, पण तसलं काही डोक्यात आणू नका, त्यात मीटिंगा फार असतात.

केनियात बहुतेक दूध अजून सुटं, कच्चंच विकलं जातं. फिरता दूधवाला दारात येतो, रोख देतो, म्हणून लोक त्यालाच घालतात, किती अडाणीपणा! तुम्ही बिलाची वाट बघा, पेंडवाला काय, थांबतोच.

शहरातल्या गिऱ्हाईकाची आशा असेल तर पश्चिम आफ्रिकेत बघून या. युरोपातून येणारी स्वस्त पावडर तिथं खपते, साय काढलेल्या दुधाची, वरून पाम तेल घातलेली. म्हणजे फॅट आहेच की, फक्त झाडाची.

आणि दूध खपलं नाही म्हणून हप्ता थकला असेल तर घाबरू नका, दुसऱ्या गाईची योजना आलीय. फॉर्म केंद्रावरच मिळतो. जाताना कॅन नेऊ नका, लवकर पोचाल.