युद्धकाळात फुटबॉल स्पर्धा कशी भरवावी (आणि कशी बुडवावी)

यंदाच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या फुटबॉल) स्पर्धेचा फॉर्म परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. फी पाच हजार. मागच्या वेळचे आमचे साडेतीन हजार अजून तिकडेच पडून आहेत, पण ते असो. 2025 च्या मे महिन्यात सीमेवर ठिणगी पडली, आयपीएल आठवडाभर थांबली आणि आमच्या कोल्हापुरातल्या या आयोजकांना अचानक देश आठवला. त्यांच्या पायाशी बसून जे शिकलो, ते होतकरू आयोजकांसाठी देतो आहे.

पहिलं म्हणजे, फी लढाईच्या आधी गोळा करा. लढाई सुरू झाल्यावर लोक प्रश्न विचारतात.

दुसरं, आलेली संधी दवडू नका. इंग्रजांनी दवडली. 1939 च्या सप्टेंबरात त्यांच्या लीगचे जेमतेम तीन सामने झाले होते, ब्लॅकपूल अव्वल होतं, आणि युद्ध जाहीर झालं. लीग रद्द! इतकं आयतं कारण हातात असताना हे बावळट ऑक्टोबरात पुन्हा मैदानात. लांबचा प्रवास नको म्हणून विभागवार लीगा पाडल्या, प्रेक्षकांवर मर्यादा घातली, खेळाडूला सामन्यामागे तीस शिलिंग टेकवले आणि शिट्टी फुंकली. वर कपही काढला. नऊ आठवड्यांत 137 सामने उरकून 8 जून 1940 ला वेम्बलीवर फायनल. वेस्ट हॅमने ब्लॅकबर्नला 1-0 हरवलं. फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावरून इंग्रज फौजेची माघार संपून चार दिवस झाले होते. आमच्याकडे बारा संघ, अकरा सामने. दहा झाले होते. एक राहिला होता. एक!

मैदान नाही, हे कारण कायम खिशात ठेवा. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 1941 च्या मार्चमध्ये बॉम्ब पडले, तर युनायटेडवाले निमूट मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळायला गेले. आर्सेनलचं मैदान हवाई हल्ल्यांच्या बंदोबस्ताला दिलं गेलं, ते टॉटनहॅमच्या दारात गेले. कट्टर वैऱ्याच्या घरी बूट काढायचे म्हणजे काय! आपल्याकडे या पेठेच्या पोरांनी त्या पेठेच्या नळाला तोंड लावलं तरी बैठक बसवावी लागते.

गुणतक्ता दाखवू नका.

खेळाडू कमी पडले तर वॉकओव्हर द्या, विषय संपला. 1940 च्या नाताळात ब्रायटनचा संघ नॉर्विचला पोहोचला तो पाच जणांनिशी. बाकीचे नॉर्विचच्या राखीव पोरांतून आणि तिथल्या सैनिकांतून जमवले आणि 18-0 ने मार खाल्ला. पण खेळले की नाही? त्याच दिवशी टॉमी लॉटन हा इंग्लंडचा स्ट्रायकर सकाळी एव्हर्टनकडून खेळला आणि दुपारी ट्रॅनमीरकडून. आमच्या संघात सात जण होते, दोन राखीव होते, डबा होता, बर्फ होता. आम्हालाच वॉकओव्हरने बाद केलं. ते कसं, ते पुढे येतंच.

आणि सायरन. युक्रेनने 2022 च्या ऑगस्टमध्ये लीग पुन्हा सुरू केली, रिकाम्या स्टेडियमात. रुख लव्हिव विरुद्ध मेटालिस्ट खारकीव्ह हा सामना 4 तास 27 मिनिटं चालला. भोंगा वाजला की सगळे तळघरात, थांबला की वर येऊन पुन्हा खेळ. असं परत परत. पण संपवला. आमच्याकडे काय वाजलं? डीजे! "सीमेवर जवान उभे असताना आपण खेळणे शोभत नाही" असा तिरंगा लावलेला मेसेज टाकून फायनल रद्द केली, आणि दोनच दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच गोलपोस्टला मांडव बांधून, साहेबांचा वाढदिवस रात्री बारापर्यंत. तेव्हा जवान कुठे गेले होते? बसले होते का? फ्लेक्सवर मात्र दोन होते, साहेबांच्या डाव्या खांद्याशी.

बरं, रद्द तर रद्द. ड्युरंड कप, आपल्या देशातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, 1941 ते 1949 बंद होता. बंद म्हणजे बंद. तुम्ही काय केलंत? मंगळवारी पहाटे साडेसहाला गुपचूप फायनल लावलीत, फक्त तुमच्या भाच्याच्या संघाला कळवलंत, आणि आम्ही आलो नाही म्हणून वॉकओव्हर! आमचा गोलकीपर तेव्हा एमआयडीसीत रात्रपाळीला होता. रविवारच्या फायनलसाठी त्याने आधीच एक खाडा केला होता, त्याचा पगार कापला गेला होता.

लाज नाही वाटत? पोरं तीन महिने पहाटे उठून धावली. युद्धाने तुमचं काहीएक बिघडवलं नाही, एक फटाकासुद्धा वाजला नाही इथे, वाढदिवसाचे सोडून. तुम्हाला स्पर्धा भरवायची नव्हती, ट्रॉफी घरात न्यायची होती. तीही प्लास्टिकची.

यंदाचा फॉर्म भरणार नाही. साडेतीन हजार परत द्या. पावती माझ्याकडे आहे, सही तुमचीच आहे.