वय बघितलंत का वय?

अमेरिकेतल्या कोविड मृत्यूंचा तोच जुना आकडा परत फिरताना दिसला म्हणून लिहितोय. लोकसंख्येत गोरे साधारण ६० टक्के, २०२० च्या मृतांमध्येही साधारण ६० टक्के, हिस्पॅनिकांचंही (स्पॅनिशभाषक, लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक) दोन्हीकडे १८-१९ च्या आसपास, आणि खाली ठरलेली कमेंट, "बघा, व्हायरस रंग बघत नाही."

अहो पण वय बघितलंत का? तिथे गोऱ्यांचं मध्यक वय (म्हणजे अर्धे लोक त्याहून लहान, अर्धे मोठे) ४४ च्या आसपास, हिस्पॅनिकांचं ३०. कोविडने नेली जास्त करून म्हातारी माणसं. मग एवढा तरुण समाज असूनही मृतांमधला वाटा लोकसंख्येइतकाच कसा काय भरला? वय जुळवून, म्हणजे सगळ्यांत वयोगटांचं प्रमाण सारखं धरून, २०२० चा मृत्युदर काढला की हिस्पॅनिकांचा गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतो, कृष्णवर्णीयांचाही तसाच.

दुसरी गंमत (गंमत कसली, डोक्याला ताप) सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या आकड्यांत होती. २०२० मध्ये त्यांनी देशाच्या लोकसंख्येसोबत एक 'भारित' लोकसंख्याही दिली, म्हणजे जिथे मृत्यू जास्त झाले त्या भागांना वजन जास्त. सुरुवातीला मृत्यू न्यूयॉर्कसारख्या शहरांत झाले, तिथे गोरे मुळात कमी, त्यामुळे या भारित लोकसंख्येच्या तुलनेत गोरेच जास्त मेल्यासारखं दिसायला लागलं. हिशोब चुकला नव्हता, पण कोण कुठे राहतं, दाटीवाटीत कोण राहतं, हा विषमतेचाच भाग आहे आणि नेमका तोच त्यांनी वजाबाकी करून टाकला. मला हे अजिबात पटत नाही.

आणि मुळात नोंद कोण करतं ते बघा. मृत्यूच्या दाखल्यावर वंशाचा रकाना बहुतेक वेळा अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस भरतो. घरच्यांना विचारून भरावा असा नियम, पण कधी कधी नुसतं बघून, नाहीतर आडनावावरून टिक होते. मूळनिवासी अमेरिकन लोकांना याचा फटका सगळ्यात जास्त, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नोंद गोरे म्हणून होते. जनगणनेत त्याच माणसाने स्वतःच्या हाताने मूळनिवासी लिहिलेलं असतं, म्हणजे छेदात तो आहे, अंशात नाही, आणि दर आपोआप कमी. ही चूक दुरुस्त करून काढलेलं त्यांचं आयुर्मान २०१९ मध्ये ७१.८ वर्षं होतं, २०२१ च्या प्राथमिक आकड्यांत ६५.२. दोन वर्षांत साडेसहा वर्षांहून जास्त घसरण, आणि आपण इथे ६० टक्के बरोबर ६० टक्के करत बसलोय.